लघवीत रक्त आलं आणि थांबलं? मूत्राशयातल्या गाठीचा किडनीवर काय परिणाम होतो, ते समजून घ्या

भेस्तान (सुरत), प्रतिनिधी :

उधना सोडलं की मुंबईच्या दिशेने पुढचं स्टेशन भेस्तान. एका बाजूला पांडेसरा जीआयडीसीतल्या डाईंग-प्रिंटिंग मिल, पुढे सचिनची औद्योगिक वसाहत. उधना, लिंबायत, डिंडोलीप्रमाणे या पट्ट्यातही नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. बारा तासांची पाळी, मिलमधला उकाडा आणि कमी पाणी पिणं, यामुळे लघवीच्या तक्रारी इथे घरोघरी असतात. जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी किंवा सब्जा घ्यायचा, फार तर मेडिकलवरून गोळी आणायची, हा सगळीकडचा रिवाज आहे.

बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण लघवी लाल झाली, दुखलं मात्र काहीच नाही आणि दोन दिवसांत रंग आपोआप साफ झाला, तर तिथे उन्हाळीचा उपाय करून थांबू नये. मूत्राशयातल्या म्हणजे लघवीच्या पिशवीतल्या गाठीची सर्वांत नेहमीची पहिली खूण हीच असते. गाठ पिशवीत असली तरी तिचा त्रास वर किडनीपर्यंत जाऊ शकतो, आणि किडनी बिघडली की खुद्द कॅन्सरच्या उपचाराचे पर्यायही कमी होतात. म्हणून हा विषय सविस्तर समजून घेऊ.

आधी रचना बघू

आपल्या दोन किडन्या पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाजवळ असतात. रक्त गाळून त्या दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर लघवी तयार करतात. ही लघवी आधी किडनीच्या आतल्या नरसाळ्यासारख्या भागात जमा होते, तिथून प्रत्येक बाजूच्या एका बारीक नळीतून खाली उतरते. या नळीला मूत्रवाहिनी किंवा युरेटर म्हणतात. तिची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर असते आणि आतली वाट जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर.

दोन्ही नळ्या मूत्राशयाच्या मागच्या-खालच्या भागात उघडतात. त्यांची तोंडं अगदी छोटी असतात आणि पिशवीच्या भिंतीतून तिरकस येतात. त्यामुळे पिशवी भरली तरी लघवी उलटी वर जात नाही. पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते.

डॉक्टर किडनीचं नरसाळं आणि मूत्रवाहिनी यांना मिळून वरचा मूत्रमार्ग म्हणतात. मूत्राशय आणि त्याखालची वाट हा खालचा मूत्रमार्ग. यातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते : नरसाळ्यापासून मूत्राशयापर्यंत आतून एकाच प्रकारचं अस्तर असतं. मूत्राशयाचे बहुतेक कॅन्सर याच अस्तरात सुरू होतात.

किडनीला त्रास कसा होतो?

१. नळीचं तोंड बंद होणं. मूत्रवाहिनी जिथे पिशवीत उघडते तिथेच किंवा जवळ गाठ वाढली, विशेषतः ती पिशवीच्या स्नायूत खोल शिरली, तर नळीचं तोंड दाबलं जातं. किडनी मात्र लघवी तयार करत राहते. उकाई धरणाची दारं बंद झाली की तापीचं पाणी मागे फुगत नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पोचतं, तसंच इथे होतं. आधी नळी फुगते, मग किडनीचं नरसाळं फुगतं, शेवटी दाब किडनीच्या गाळणीवर येतो. फुगलेल्या किडनीला सोनोग्राफीच्या रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात.

दाब टिकला तर किडनीचा गाळणारा थर पातळ होत जातो. पूर्ण अडथळा काही दिवसांत सुटला तर किडनीचं काम बरंचसं परत येतं. आठवड्यांमागून आठवडे गेले तर काही नुकसान कायमचं राहतं. महिनोन् महिने तुंबलेली किडनी आकसून निकामी होऊ शकते.

मुतखडा नळीत अडकतो तेव्हा माणूस कळवळतो, कारण दाब अचानक वाढतो. गाठ हळूहळू वाढते, त्यामुळे किडनी फुगत असूनही अनेकांना काहीच दुखत नाही, फार तर कुशीत जडपणा वाटतो. म्हणूनच हे उशिरा लक्षात येतं.

२. पिशवीचं खालचं तोंड बंद होणं. गाठ पिशवीच्या मानेजवळ असेल, किंवा रक्तस्राव जास्त होऊन रक्ताच्या गुठळ्या साचल्या, तर लघवी बाहेरच पडत नाही. ओटीपोट फुगतं, असह्य कळ येते. अशी अडवणूक लांबली तर दाब दोन्ही किडन्यांवर जातो. ही इमर्जन्सी आहे. रुग्णालयात जाड कॅथेटर घालून गुठळ्या धुऊन काढतात.

३. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग. साचलेल्या लघवीत जंतू झपाट्याने वाढतात. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या ही त्याची लक्षणं. किडनीत पू झाला तर जंतू रक्तात पसरून जीवावर बेतू शकतं. वाट तुंबलेली असेल तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, साचलेलं बाहेर काढावं लागतं.

४. वरच्या मार्गात वेगळी गाठ. अस्तर एकच असल्याने ज्या कारणाने पिशवीत गाठ झाली, त्याच कारणाने नळीत किंवा नरसाळ्यातही होऊ शकते. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्यांपैकी साधारण २ ते ४ टक्के लोकांना पुढे वरच्या मार्गात गाठ होते. उलट बाजूचा आकडा बराच मोठा आहे : आधी वरच्या मार्गात गाठ झालेल्यांपैकी अनेकांना, वेगवेगळ्या अभ्यासांनुसार पाचातल्या एकापासून निम्म्यांपर्यंत, पुढे मूत्राशयातही गाठ होते. म्हणून एका जागी गाठ सापडली की संपूर्ण मार्ग तपासतात.

५. उपचारांचा परिणाम. नळीच्या तोंडावरची गाठ खरवडून काढताना तोंडाला इजा झाली तर पुढे ते आकसू शकतं किंवा लघवी उलटी वर जाऊ शकते. रेडिएशनमुळे नळी अरुंद होऊ शकते. काही केमोथेरपीचा थेट किडनीवर भार येतो. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका

अनेक घरांत हिशेब असा असतो की, रक्तात क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठीक. दोन्ही किडन्या बिघडत असतील तर क्रिएटिनिन वाढतं, हे बरोबर. पण एकच किडनी तुंबली असेल आणि दुसरी धडधाकट असेल, तर दुसरी बहुतेक काम ओढून नेते. अशा वेळी क्रिएटिनिन नॉर्मल किंवा किंचित वाढलेलं दिसतं आणि एक किडनी मात्र आतल्या आत वाया जात असते.

म्हणून रक्ताच्या तपासणीबरोबर किमान सोनोग्राफी हवी. डॉक्टर क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर हा आकडाही पाहतात. किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा तो अंदाज असतो आणि कॅन्सरचं कोणतं औषध देता येईल हे त्यावर बरंच अवलंबून असतं.

दोन्ही बाजूंच्या नळ्या अडल्या की चित्र पालटतं. लघवी कमी होते, पायाला-चेहऱ्याला सूज येते, मळमळ, उचकी, दम लागणं, गुंगी असा त्रास सुरू होतो. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काही रुग्णांच्या बाबतीत मूत्राशयाच्या गाठीचा पत्ता या अवस्थेत, डायलिसिसच्या दारात लागतो.

लाल लघवी म्हणजे कॅन्सरच का?

नाही. संसर्ग, मुतखडा, प्रोस्टेटची वाढ ही कारणं बरीच जास्त आढळतात. बीट खाल्ल्याने आणि टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीनेही लघवी लालसर-नारिंगी होते. पण कारण कोणतं हे अंदाजाने ठरवायचं नसतं. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा :

- गाठीतून येणारं रक्त थांबून-थांबून येतं. एकदा येऊन महिनोन् महिने पुन्हा दिसत नाही. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही.
- रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तरी "गोळीमुळेच आलं" असं गृहीत धरू नका. तपासणी करावीच लागते.
- हा आजार पुरुषांमध्ये बायकांपेक्षा साधारण तीन ते चार पट जास्त दिसतो. पण बायकांचं रक्त पाळीचं किंवा इन्फेक्शनचं समजून वारंवार अँटिबायोटिक दिलं जातं आणि निदान लांबतं. पाळी थांबलेल्या बाईच्या लघवीत रक्त दिसलं तर वेळ घालवू नका.
- वारंवार लघवीला जावं लागणं, जळजळ, आणि लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, हेही गाठीचं लक्षण असू शकतं.

कोणत्या तपासण्या होतात?

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तात हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, त्यानंतर पोटाची सोनोग्राफी, इथून सुरुवात होते. सोनोग्राफी भरलेल्या पिशवीवर केली तरच पिशवीतली गाठ नीट दिसते, म्हणून तपासणीआधी पाणी प्यायला सांगतात. छोटी किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत सुटू शकते.

खात्रीची तपासणी दुर्बिणीची, म्हणजे सिस्टोस्कोपी. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून पिशवी आतून बघतात. लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याला सायटॉलॉजी म्हणतात.

वरचा मूत्रमार्ग पाहण्यासाठी सीटी युरोग्राफी करतात. त्यात शिरेतून औषध देऊन ते किडनीतून खाली उतरताना फोटो घेतात. किडनी आधीच कमजोर असेल तर हे औषध द्यायचं की नाही याचा डॉक्टर विचार करतात आणि गरज पडली तर एमआरआय किंवा वेगळ्या पद्धतीने वरचा मार्ग पाहतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू असतील तर सीटीच्या आधीच सांगा.

किडनी तुंबली असेल तर आधी वाट मोकळी करतात

यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, डीजे स्टेंट. किडनीपासून मूत्राशयापर्यंत नळीच्या आत एक मऊ प्लास्टिकची नळी बसवतात. दोन्ही टोकं वळलेली असल्याने ती जागेवर राहते. स्टेंट असताना वारंवार लघवी लागणं, लघवी करताना कुशीत कळ, अधूनमधून लालसर लघवी असा त्रास होऊ शकतो.

दुसरा, पीसीएन. गाठीने नळीचं तोंडच झाकलं असेल तर खालून स्टेंट घालता येत नाही. मग पाठीतून सुईने थेट किडनीत छोटी नळी बसवतात आणि लघवी बाहेरच्या पिशवीत जमा होते. यासाठी सहसा पूर्ण भूल लागत नाही, जागा बधिर करून काम होतं. पाठीला पिशवी लागलेली पाहून घरचे घाबरतात. पण किडनी वाचवून पुढच्या केमोसाठी रुग्णाला तयार करण्याचा तो अनेकदा सर्वांत जलद मार्ग असतो. वाट मोकळी झाल्यावर काहींना पहिले एक-दोन दिवस लिटरवारी लघवी होते. तेव्हा पाणी आणि क्षार यांवर रुग्णालयात लक्ष ठेवावं लागतं.

स्टेंट कायमचा नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. साध्या स्टेंटची मुदत साधारण तीन महिने, काहींची सहा महिने असते. त्यानंतर तो काढायचा किंवा बदलायचा. आपल्याकडे चूक इथेच होते. सुरतेत स्टेंट बसतो, त्रास कमी होतो, माणूस आखाजीला गावी जातो आणि तिथेच राहतो. आत विसरलेल्या स्टेंटवर क्षार जमून दगड तयार होतो, तो तुटू शकतो, आणि ज्या किडनीसाठी बसवला तीच बंद पडू शकते. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट घातल्याची तारीख लिहिलेली असते. ती घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

गाठीचा उपचार आणि किडनीचा संबंध

पहिल्यांदा निदान होतं तेव्हा दहापैकी साधारण सात रुग्णांची गाठ अस्तरापुरती मर्यादित असते, स्नायूत शिरलेली नसते. दुर्बिणीतून ती खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात. काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीतून गाठ किती खोल आहे ते कळतं. पुन्हा होण्याचा धोका जास्त असेल तर पिशवीत बीसीजी सोडतात. ही क्षयाच्या लसीतलीच बीसीजी, पण वेगळ्या मात्रेत. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयाच्या कॅन्सरसाठीची बीसीजी बनवते.

या आजाराची खोड म्हणजे तो पुन्हा उगवतो. म्हणून पहिली दुर्बीण तपासणी तीन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, काही वर्षं करावीच लागते. धोका जास्त असणाऱ्यांच्या वरच्या मूत्रमार्गाचीही ठरावीक काळाने तपासणी होते.

गाठ स्नायूत शिरली असेल तर मोठा उपचार लागतो : आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढणं, किंवा निवडक रुग्णांमध्ये मूत्राशय ठेवून केमो आणि रेडिएशन. निदानाच्या वेळीच किडनी फुगलेली असेल तर आजार पुढे गेल्याची ती खूण मानतात.

किडनीचा प्रश्न इथे अगदी कळीचा ठरतो. या आजारातलं महत्त्वाचं केमो औषध सिस्प्लॅटिन किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनीला इजाही करू शकतं. ते पूर्ण मात्रेत देण्यासाठी किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ६० मिलिलिटरच्या वर असावी असा प्रघात आहे. त्याखाली मात्रा विभागून देतात किंवा दुसरं औषध निवडतात. म्हणजे निदान लांबल्याने किडनी गेली, तर हातचं एक प्रभावी औषधही जाऊ शकतं. नवी इम्युनोथेरपी आणि इतर औषधं आली आहेत. त्यामुळे किडनी कमजोर आहे म्हणून उपचारच नाही असं मुळीच नाही, पण खर्च आणि उपलब्धता हा वेगळा प्रश्न राहतो.

मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी नवी वाट लागते. बहुतेकांना आतड्याच्या छोट्या तुकड्यातून पोटावर तोंड काढून बाहेर पिशवी लावतात. काहींना आतड्याचीच नवी पिशवी आत बनवून देतात. दोन्हीत मूत्रवाहिन्या आतड्याला जोडलेल्या असतात. तो जोड पुढे अरुंद झाला तर किडनी पुन्हा फुगते. आतडं लघवीतले काही क्षार शोषून घेतं, म्हणून रक्तात आम्ल वाढू शकतं आणि काही वर्षांनी व्हिटॅमिन बी-१२ कमी पडू शकतं. म्हणून कॅन्सर बरा झाला तरी वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी जन्मभर सुरू ठेवावी.

यातून माणूस पुन्हा कामाला लागतो, हेही सांगायला हवं. अभिनेते-दिग्दर्शक महेश मांजरेकर यांच्यावर २०२१ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. 'अंतिम' या चित्रपटाच्या कामादरम्यान आजार कळला आणि त्यातच केमो घेतली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. आज ते पुन्हा काम करताना दिसतात.

तंबाखू आणि रंगाचं काम

मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे. जगभरात जवळपास निम्म्या रुग्णांमागे तेच कारण मानलं जातं. बिडी-सिगारेटच्या धुरातली रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि ती लघवीतून पिशवीत तासन् तास पडून राहतात. वरच्या मूत्रमार्गातल्या गाठींमागेही हेच कारण मोठं आहे. सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो.

दुसरं कारण सुरतच्या वाचकांना जवळचं आहे. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या तीन कामगारांच्या मूत्राशयात गाठी असल्याचं नोंदवलं. पुढे बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन ही रंगनिर्मितीतली रसायनं दोषी ठरली. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ती माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहेत. ब्रिटनने बीटा-नॅफ्थिलअमाइनचं उत्पादन १९५० च्या सुमारास थांबवलं. भारतात बेन्झिडीनवर आधारित रंगांवर आणि ठरावीक अ‍ॅझो रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली.

इथे एक फरक लक्षात घ्या. सर्वांत पक्का पुरावा रंग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा आहे. कापड रंगवणाऱ्या मिलमधलं काम आणि रंग तयार करण्याचं काम एक नाही. सुरतेत पॉलिएस्टरसाठी मुख्यतः डिस्पर्स प्रकारचे रंग वापरतात. त्यामुळे "पांडेसऱ्यात कामाला म्हणजे कॅन्सर होणारच" अशी भीती पसरवू नये. मात्र हा आजार संपर्कानंतर वीस-वीस वर्षांनीही उगवतो. १९८०-९० च्या काळात वापी, अंकलेश्वर किंवा अहमदाबादच्या रंग-रसायन कारखान्यांत काम केलेले लोक आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. काम सोडून गावी शेती करत असले, तरी लघवीत रक्त दिसलं तर जुन्या कामाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. जुनं ईएसआयसी कार्ड, पीएफची कागदं, पगार स्लिप फेकू नका. आजार कामामुळे झाल्याचा दावा करायची वेळ आली तर पुरावा तोच असतो.

एक इशारा जडीबुटीबद्दल. अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींमधलं आम्ल किडनी निकामी करतं आणि वरच्या मूत्रमार्गात कॅन्सर घडवतं, हे युरोपातल्या बाल्कन भागात आणि तैवानमध्ये सिद्ध झालं आहे. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसंद ही वेल याच कुळातली. किडनीच्या तक्रारीवर कोणाच्या सांगण्यावरून अनोळखी मुळ्या पोटात घेऊ नका.

राज्याच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी

सुरतेत सरकारी तपासणीसाठी मजुरा गेटजवळची नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मिमेर ही दोन मोठी ठिकाणं आहेत. गुजरातमध्ये अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातली किडनी इन्स्टिट्यूट आणि गुजरात कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट, तर नडियादला मूत्रविकारांसाठीचं मुळजीभाई पटेल रुग्णालय आहे. महाराष्ट्रात धुळे, जळगाव, नंदुरबार इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि पुढच्या उपचारासाठी मुंबईत परळचं टाटा मेमोरियल.

आयुष्मान भारतचं कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गुजरातने जुलै २०२३ पासून आपल्या लाभार्थ्यांसाठी ते १० लाख केलं. पण एखाद्या राज्याने स्वतःहून दिलेली जादा सवलत दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना तिथल्या रेशनकार्डावर आणि संलग्न रुग्णालयांत लागू होते. म्हणून रेशनकार्ड कुठलं आणि उपचार कुठे, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्र किंवा आरोग्यमित्राकडे विचारून घ्या. ऑपरेशन एका राज्यात आणि पुढची दुर्बीण दुसऱ्या राज्यात होणार असेल तर डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, सीटीची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक सोबत न्या. रिपोर्ट नसेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

रिपोर्टमधले नेहमीचे शब्द

- हिमॅच्युरिया : लघवीत रक्त.
- हायड्रोनेफ्रोसिस : लघवी तुंबून फुगलेली किडनी. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर म्हणजे कमी, मध्यम, जास्त.
- हायड्रोयुरेटर : फुगलेली मूत्रवाहिनी.
- व्हीयूजे : मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांचा जोड. अडथळा बऱ्याचदा इथे असतो.
- ब्लॅडर मास किंवा ग्रोथ : मूत्राशयात गाठ. पुढे युरोलॉजिस्टकडे जायलाच हवं.
- थिन्ड कॉर्टेक्स : किडनीचा गाळणारा थर पातळ झाला आहे, म्हणजे अडथळा बऱ्याच दिवसांचा.
- मसल इन्व्हेसिव्ह : गाठ पिशवीच्या स्नायूत शिरलेली.

त्याच दिवशी रुग्णालय गाठा, जर...

- लघवी पूर्ण बंद झाली किंवा गुठळ्या पडत आहेत.
- किडनी फुगल्याचं माहीत आहे, स्टेंट किंवा पीसीएन आहे, आणि थंडी वाजून ताप आला.
- पीसीएनची नळी निसटली किंवा तिच्यातून लघवी येणं थांबलं.
- लघवी कमी होऊन सूज, दम, सतत उलट्या किंवा गुंगी येऊ लागली.

आणि किडनीचा त्रास असताना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलवरून स्वतःच्या मनाने घेऊ नका. तुंबलेल्या किडनीचं त्याने आणखी नुकसान होतं.

लघवीत रक्त दिसलं, तर ते एकदाच दिसलं असलं तरी, त्याच आठवड्यात लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करून घ्या. वय चाळिशीच्या पुढे असेल, बिडी-सिगारेट असेल किंवा रंग-रसायनाचं काम केलं असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल आली तरी युरोलॉजिस्टला दाखवा आणि दुर्बीण लागेल का ते विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)